ओतूरच्या वाटेवरील मातीचा जमाखर्च

कल्याणहून नगरकडे, म्हणजे आतांच्या अहिल्यानगराकडे, जाणारा रस्ता माळशेजचा घाट चढून जुन्नर तालुक्यांत शिरतो, ओतूर व आळेफाटा मागें टाकतो आणि बेल्ह्यावरून आण्याच्या पठारावर पोंचतो. ज्यांनीं श्रावणांत ही वाट डोळे उघडे ठेवून केली असेल, त्यांस आमचें म्हणणें लवकर पटेल. घाटमाथ्यावर दाट धुकें, हिरड्या-जांभळांची झाडी आणि पायांखालीं कुजत्या पाल्याचा थर; ओतुरास मांडवीचें पाणी, हिरवीं वावरें आणि कपर्दिकेश्वराच्या यात्रेची गर्दी; आणि आण्यास पोंचावें तों आकाश उघडें, माळावर तरवड, बाभळी व कुसळी गवत. सह्याद्रीनें ढग अडविल्यावर उरलेला पाऊस या पठाराच्या वांट्यास येतो. एखादी सर चुकली, कीं भर पावसाळ्यांतही फुफाटा उडूं लागतो.

आमच्या घराण्याची ओतुरास थोडी बागाईत व आण्याकडे थोडी जिराईत जमीन आहे. ती आमचे चुलतबंधू कसतात. यंदा वैशाखांत घरांत वाद निघाला तो जिराईत वावरासंबंधीं. कोंकणांतून परतणाऱ्या धनगरांचीं मेंढरें तेथें दरसाल दोन-चार रात्री बसवावयाचीं, आणि त्यांच्या लेंड्या-मुताच्या खताबद्दल धनगरांस धान्य व पैसे द्यावयाचे, असा जुना प्रघात. तो खर्च बंद करून युरियाच्या गोण्या टाकाव्या, असें धाकट्या बंधूंचें मत पडलें. थोरल्या काकू म्हणाल्या, "मेंढरांची बाजरी आणि गोणीची बाजरी, दोन्ही आम्हीं दळल्या आहेत. आम्हांला नका सांगूं." वाद मिटेना; तेव्हां आम्हीं पुस्तकें उघडलीं.

मातीचा जमाखर्च एका वहींत मावत नाहीं. हवेंत शेंकडा ७८ भाग नत्र आहे. परंतु मटकी, हुलगा, तूर यांच्या मुळांवरील सूक्ष्म जंतूंनीं किंवा मातींतील त्यांच्या भाऊबंदांनीं तो पकडून दिल्यावांचून पिकास त्याचा कण मिळत नाहीं. सेंद्रिय कर्ब हाही कुजलेल्या पाल्यापाचोळ्यांतून येतो. म्हणजे हीं दोन्हीं द्रव्यें सजीवांच्या हातून येतात, आणि सजीवांस ओल हवी. स्फुरदाची गोष्ट निराळी. तो मूळ खडकांतून, आपल्याकडे काळ्या पाषाणांतून, झिजून येतो.

सन २०१३ मध्यें 'नेचर' या नियतकालिकांत एक संशोधन प्रसिद्ध झालें. अंटार्क्टिकाखेरीज सर्व खंडांतील २२४ कोरडवाहू ठिकाणांच्या मातीचें परीक्षण त्यांत केलें होतें. जसजसा प्रदेश अधिक रुक्ष, तसतसा कर्ब व नत्र कमी आणि खनिज स्फुरद अधिक, असें तेथें आढळलें. स्वयंपाकघरांत मिठाची बरणी कांठोकांठ भरलेली आणि पिठाचा डबा रिकामा असावा, तशी ही अवस्था! शिवाय त्या स्फुरदांपैकीं पुष्कळसा मुळांना घेतां येण्याजोगा नसतोच. ओल्या व कोरड्या जागा ताडून पाहून, हवामान कोरडें होत गेल्यास काय घडेल, याचा अंदाज त्या शास्त्रज्ञांनीं बांधला. आमची माळशेज ते आणें ही वाट म्हणजे त्याच प्रयोगाची छोटी आवृत्ति होय.

मग आजचें आणें तें उद्यांचें ओतूर काय? पाऊस एकंदरीनें घटेलच, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु २०११ ते २०२० या दशकांत पृथ्वीचें तपमान १८५० ते १९०० या काळापेक्षां सुमारें १.१ अंश सेल्सिअसनें चढलेलें होतें, आणि तापलेली हवा जमिनीची ओल अधिक शोषते. शिवाय महाराष्ट्रासह मध्य भारताच्या पट्ट्यांत विस्तृत प्रदेशावर एकाच वेळीं कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळांत तिपटीनें वाढले, असें २०१७ सालच्या एका अभ्यासांत दिसून आलें.

याचा मातीशीं संबंध मोठा चमत्कारिक आहे. वाळलेली माती एकाएकीं भिजली, म्हणजे तींतील जंतु झपाट्यानें कामास लागतात, आणि सांचलेला कर्ब व नत्र भराभर मोकळा होतो. पूर्व आफ्रिकेंतील मातीवर प्रयोग करून बर्च या शास्त्रज्ञानें १९५८ मध्यें हें मांडलें. पहिल्या सरीच्या ज्या सुगंधावर आपले कवि लुब्ध असतात, तोही पुष्कळसा अशा जंतूंचाच! सरीपाठोपाठ पेरणी होऊन रिमझिम चालू राहिली, तर मोकळा झालेला नत्र रोपांच्या मुखीं पडतो. पण मुळें धरण्यापूर्वींच ढगफुटीसारखा पाऊस झाला, तर तो ओढ्यांत वाहून जातो. आणि पुन्हा तीन आठवडे उघाडी पडून पुन्हा सर आली, तर तोच खर्च दुसऱ्यांदा. जमा मात्र कांहींच नाहीं.

युरियानें नत्राची उणीव भरते हें खरें. मात्र कोरड्या, तापल्या जमिनीवर पसरलेल्या युरियाचा बराच अंश अमोनिया होऊन उडतो, आणि ओल धरून ठेवणारा सेंद्रिय कर्ब तो मुळींच देत नाहीं. लेंडीखत तो देतें. अर्थात् तेंही वेळीं वखरून मातींत मिसळलें नाहीं, तर अर्धें फुकट. आणि मेंढरें अलीकडे मागाल तेव्हां मिळत नाहींत, ही बंधूंची तक्रार आम्हांस खोटी म्हणवत नाहीं.

शेवटीं वावराचे दोन भाग केले. वरच्या तुकड्यांत ज्येष्ठाच्या आरंभीं तीन रात्री मेंढरें बसलीं व बाजरींत मटकीचे तास घातले, खालच्यांत गोणी. दोहोंची बाजरी निरनिराळ्या कणग्यांत ठेवावी, असें काकूंनीं आतांपासूनच सांगून ठेवलें आहे.