साथीला रॉनी वूड

रॉक संगीतात नाव होतं ते गायकाचं, त्याखालोखाल लीड गिटार वाजवणाऱ्याचं. बेसवाल्याकडे लक्ष जातं ते तो चुकला तरच. रॉनी वूडनं गिटार आणि बेस दोन्ही वाजवली, एकामागून एक बँड बदलले, आणि जिथे गेला तिथे शेजारच्याला खुलवलं. माझ्या मते रॉकमध्ये त्याच्यासारखा साथीदार झाला नाही.

१ जून १९४७ रोजी पश्चिम लंडनजवळच्या हिलिंग्डनला त्याचा जन्म झाला. घराणं कालव्यांवर मालाच्या बोटी चालवणाऱ्यांचं. जमिनीवर जन्मलेली ही पहिलीच पिढी. आर्ट आणि टेड हे थोरले भाऊ चित्रंही काढत आणि वाजवतही. धाकट्यानं दोन्ही नाद उचलले, आणि चित्रकला आजतागायत सोडलेली नाही. १९६४ पासून तो ‘द बर्ड्‌स’मध्ये गिटार वाजवत होता. तो बँड फार चालला नाही.

१९६७ मध्ये गिटारवादक जेफ बेकनं नवा संच बांधला. बेकच्या शेजारी दुसरी गिटार कशाला हवी? वूडच्या हाती बेस आली. गायला रॉड स्टुअर्ट, ड्रमवर मिकी वॉलर. १९६८ चा ‘ट्रूथ’ हा अल्बम मी सर्वांत जास्त ऐकला तो वूडच्या बेससाठी. तो खालचा एक सूर धरून बसत नाही. स्टुअर्टची ओळ संपली की वर चढतो, आणि बेक सुटला की झटकन खाली येऊन ताल सावरतो. गिटारवाल्याचा हात बेसवर पडला की काय होतं, ते इथे लख्ख कळतं. १९६९ च्या सुरुवातीला त्याला काढलं, पुन्हा बोलावलं, आणि वुडस्टॉक महोत्सवाच्या तोंडावर बँडच फुटला.

त्याच वर्षी गायक-गिटारवादक स्टीव्ह मॅरियट ‘स्मॉल फेसेस’ सोडून गेला होता. उरलेल्या तिघांत वूड आणि स्टुअर्ट सामील झाले आणि ‘फेसेस’ उभा राहिला. इथे वूड पुन्हा गिटारवर आला. सोबत स्टुअर्टचे स्वतंत्र अल्बमही चालूच होते. १९७१ चं ‘मॅगी मे’ ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यातली इलेक्ट्रिक गिटारही वूडची आणि बेसही त्याचीच. शेवटी मॅन्डोलिन येतं तेव्हा कान खाली न्यावा. बेस तिथे चालत राहून गाणं पुढे नेते.

१९७४ च्या डिसेंबरात गिटारवादक मिक टेलरनं ‘रोलिंग स्टोन्स’ सोडलं. १९७५ च्या अमेरिका दौऱ्यात वूड पाहुणा म्हणून वाजवत होता. त्याच वर्षअखेरीस ‘फेसेस’ संपला आणि १९७६ मध्ये तो स्टोन्सचा झाला. टेलरचं एकट्याचं वादन देखणं होतं. वूड आणि स्टोन्सचा दुसरा गिटारवादक कीथ रिचर्ड्‌स यांची गोष्ट वेगळी. १९७८ च्या ‘सम गर्ल्स’मधलं ‘बीस्ट ऑफ बर्डन’ घ्या. एक गिटार तुकडा टाकते आणि थांबते, त्या मोकळ्या जागेत दुसरी उत्तर देते, आणि दोन कडव्यांनंतर कोण पुढे, कोण मागे हे सांगता येत नाही. अशी जागा सोडणं तो बेस वाजवताना शिकला, असं मला वाटतं. ती बेसही सुटली नाही: १९८० च्या ‘इमोशनल रेस्क्यू’ या गाण्यात बेस त्याचीच आहे.

इतकं करूनही तो कित्येक वर्षं पगारी वादकच होता. स्टोन्सचा बेसवादक बिल वायमन बाहेर पडल्याच्या सुमारास, नव्वदच्या दशकात, त्याला भागीदारी मिळाली. हा उशीर मला आजही खटकतो. २००३ च्या एप्रिलमध्ये मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर स्टोन्स वाजवायला आले, तेव्हा रिचर्ड्‌सच्या जोडीला तोच होता. २०१७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, आणि २०२३ च्या ‘हॅकनी डायमंड्‌स’वरही त्याची गिटार आहे.

‘ट्रूथ’ आणि ‘सम गर्ल्स’ लागोपाठ ऐका. पहिल्यात गायकाकडे आणि बेककडे मुद्दाम दुर्लक्ष करून फक्त बेसवर कान ठेवा. दुसऱ्यातली वूडची गिटार मग आपोआप उलगडेल.