‘एशियन हँडिकॅप’ म्हणजे नेमके काय?

फुटबॉलमधील सामनानिश्चितीच्या बातम्यांत ‘एशियन हँडिकॅप’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. यातील ‘हँडिकॅप’ हा शब्द सतराव्या शतकातील इंग्लंडमधला. वस्तूंच्या अदलाबदलीच्या एका खेळात त्रयस्थ पंच दोन वस्तूंच्या मूल्यांतील फरक ठरवीत असे आणि खेळणारे टोपीत हात घालून आपला कौल देत. पुढे हा शब्द घोड्यांच्या शर्यतीत रुळला. बलवान घोड्याच्या पाठीवर अधिक वजन लादून शर्यत समतोल करण्याची ही पद्धत महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवरही परिचित आहे.

फुटबॉलमध्ये वजनाची जागा गोल घेतात. बलाढ्य संघावर उणे दीडचा हँडिकॅप असेल, तर त्याने किमान दोन गोलांच्या फरकाने जिंकले तरच त्याच्यावर पैसे लावणारा जिंकतो. उणे एकचा हँडिकॅप असताना संघ नेमक्या एका गोलने जिंकला, तर पैसे परत मिळतात. उणे पाऊणचा हँडिकॅप असल्यास निम्मी रक्कम उणे अर्ध्यावर आणि निम्मी उणे एकवर लावल्याचे मानले जाते. विजय, पराभव आणि बरोबरी या तीन शक्यतांतून बरोबरी वगळली जाते आणि दोन्ही बाजूंचे भाव जवळपास सारखे होतात.

ही पद्धत इंडोनेशियात रूढ होती. तिला ‘एशियन हँडिकॅप’ हे नाव १९९८ मध्ये देण्याचे श्रेय ब्रिटिश पत्रकार जो सोमारेझ स्मिथ यांना दिले जाते. तेथील एका बुकीने त्यांना या पद्धतीसाठी इंग्रजी प्रतिशब्द सुचविण्यास सांगितले होते.

या पद्धतीची काळी बाजू तिच्या रचनेतच आहे. पैशांचा निकाल केवळ जय-पराजयावर नव्हे, तर गोलांच्या फरकावर ठरतो. त्यामुळे दुबळ्या संघाला फक्त अधिक मोठ्या फरकाने हरायला लावले तरी सट्टेबाजांचे काम भागते. मोठा पराभव प्रेक्षकांना अनपेक्षित वाटत नाही, त्यामुळे संशयही येत नाही. २०१३ मध्ये ‘युरोपोल’ने युरोपातील ३८० संशयास्पद सामन्यांची माहिती जाहीर केली, तेव्हा सूत्रधारांचे धागेदोरे सिंगापूरपर्यंत पोहोचल्याचे उघड झाले होते.

भारतात संसदेने २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्यानुसार पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. मैदानावरचा निकाल वाचताना मात्र हा शब्द माहीत असलेला बरा. शून्य-तीन आणि शून्य-चार यांतील एका गोलचे मोल गुणतक्त्यात दिसत नाही. ते सट्टाबाजारात दिसते.