घट रात्रभर बोलत नाही

अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला शेतात घट मांडतात. मधोमध खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, वर पापड-करंजी आणि भोवती गोलाकार अठरा धान्यं. रात्री तिथं कोणी फिरकत नाही. पहाटे वाघ घराण्यातली मंडळी येतात, कोणता दाणा सरकला, कोणतं ढेकूळ भिजलं ते पाहतात आणि पीकपाणी सांगतात. या भाकितांना शास्त्रीय आधार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला ओळखीची वाटते ती मधली रात्र. संध्याकाळी काय मांडलं आणि सकाळी काय दिसलं, एवढंच हाती लागतं. डेटाबेसच्या पोटात चालणाऱ्या प्रोग्रामची गत अशीच असते.

पतसंस्थेचंच बघा. ३१ मार्चला प्रत्येक मुदत ठेवीवर त्या दिवसापर्यंतचं देय व्याज काढून त्याची तरतूद करावी लागते. हजारो ठेवी. एकेक ठेव सर्व्हरवरून काउंटरच्या संगणकावर आणा, आकडेमोड करा, परत पाठवा, हा हेलपाटा वाचावा म्हणून हिशेबाची रीतच डेटाबेसमध्ये साठवून ठेवतात. हीच स्टोअर्ड प्रोसिजर. सायबेसने १९८० च्या दशकात ती रूढ केली, ऑरॅकलमध्ये ती १९९२ साली सातव्या आवृत्तीत आली आणि मायएसक्यूएलला त्यासाठी २००५ पर्यंत थांबावं लागलं. बाहेरून फक्त हुकूम जातो. काम आत होतं आणि आत काय चाललंय ते बाहेर दिसत नाही. दिसावं असं वाटत असेल तर प्रोसिजरमध्येच जागोजागी ओळी पेराव्या लागतात: इथवर आलो, अमुक खातं घेतलं, दर इतका.

ही युक्ती संगणकाइतकीच जुनी. केंब्रिजचं एडसॅक यंत्र १९४९ च्या मे महिन्यात सुरू झालं आणि आपल्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात उरलेलं बरंचसं आयुष्य जाणार, हे ते यंत्र उभारणाऱ्या मॉरिस विल्क्स यांच्या लवकरच लक्षात आलं. त्यांचे सहकारी स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली चुकांच्या निदानावर निबंधच लिहिला. यंत्र एकेक आज्ञा पाळत जाईल तसतशी तिची खूण टेलिप्रिंटरवर उमटवायची, ही पद्धत त्यात आहे. यंत्राचा वेग त्यामुळे टेलिप्रिंटरच्या वेगावर यायचा, पण वाट कुठे चुकली ते कागदावर दिसायचं.

काही वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका पतसंस्थेत मी अशीच एक ३१ मार्चची रात्र काढली. तरतुदीची प्रोसिजर चालू केली की अर्ध्या तासानं कोसळायची आणि झालेलं सगळं काम मागे घ्यायची. चूक कळवणारा संदेश एवढाच, की व्याजाच्या रकान्यात रिकामी किंमत चालत नाही. रकाना कळला, पण खातं कोणतं? मी प्रत्येक ठेवीमागे एक प्रिंट टाकली आणि पुन्हा चालवली. पडदा कोराच. शाखाधिकारी दर पाच मिनिटांनी डोकावत. "भाऊ, मशीन काई बोलून राह्यली का नाई?"

बोलत होती, पण पोहोचत नव्हतं. तिथला डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरचा, आणि त्यातली प्रिंट ओळ लगेच पाठवत नाही. एकेक ओळ जाळ्यावरून धाडणं महागात पडतं, म्हणून ओळी आधी साठतात आणि पुरेशा भरल्या किंवा काम संपलं की एकगठ्ठा येतात. ऑरॅकलची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे संदेश एका राखीव जागेत पडून राहतात, प्रोसिजर संपल्यावरच समोरचा प्रोग्राम ते उचलतो आणि सर्व्हरआउटपुटची कळ आधी चालू केली नसेल तर उचलतही नाही. पोस्टग्रेस यात मनमोकळा: रेझ नोटिस लिहिलं की ओळ तेव्हाच निघते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लगेच बोलायचं तर चूक जाहीर करायचं रेझएरर हे हत्यार घ्यायचं, तीव्रता शून्य ठेवायची आणि शेवटी 'विथ नोवेट' जोडायचं. साधी खुशाली कळवायला तक्रारअर्ज भरण्यासारखं आहे हे, पण चालतं.

त्या रात्री मला हे सुचलं नाही. प्रोसिजर पडल्यावर प्रिंटच्या ओळी एकदम धो धो आल्या. खातं क्रमांक, दर. खातं क्रमांक, दर. आणि सगळ्यांत शेवटी एक कोरी ओळ. खातं क्रमांकसुद्धा नाही. दहा मिनिटं मी तिच्याकडे प्रिंट बिघडली असं समजूनच बघत होतो.

ती कोरी ओळच उत्तर होती. त्या ठेवीचा दर नोंदलेलाच नव्हता. डेटाबेसच्या भाषेत तो नल. नल म्हणजे शून्य नव्हे, 'माहीत नाही'. माहीत नसलेल्या गोष्टीला काहीही जोडलं तरी उरतं माहीत नसलेलंच. त्यामुळे 'खातं' हा शब्द, क्रमांक आणि दर अधिक चिन्हानं जोडून केलेली अख्खी ओळ नल झाली. गुन्हेगारानं साक्षीदारही गिळला म्हणा ना! पोस्टग्रेसच्या रेझ नोटिसमध्ये दराच्या जागी नल असं सरळ छापून आलं असतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१२ पासून कॉन्कॅट वापरता येतं, ते नलला रिकामा शब्द मानून बाकीची ओळ शाबूत ठेवतं.

प्रिंटऐवजी संदेश एखाद्या तक्त्यात का लिहिले नाहीत, असं नंतर एका सहकाऱ्यानं विचारलं. लिहिले होते, पहिल्याच फेरीत. पण प्रोसिजर कोसळल्यावर व्यवहार मागे फिरला आणि त्याच व्यवहारात लिहिलेल्या माझ्या नोंदीही त्याच्याबरोबर पुसल्या गेल्या. जुन्या अडत्यांकडे कच्ची वही वेगळी आणि पक्की वेगळी असायची. पक्कीतलं पान फाडलं तरी कच्चीतली खूण राहायची. ऑरॅकलमध्ये नोंद लिहिणारा तुकडा स्वतंत्र व्यवहार म्हणून जाहीर करता येतो, मग मूळ काम मागे फिरलं तरी नोंद टिकते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती सोय नाही, पण तक्त्याच्या रूपातला चल मागे फिरण्यातून सुटतो. त्यात नोंदी साठवायच्या आणि व्यवहार मागे घेतल्यावर खऱ्या तक्त्यात उतरवायच्या.

कोऱ्या ओळीच्या आधीच्या ओळीत खात्याचा क्रमांक होता. यादीतलं त्यापुढचं खातं काढलं. ठेव संगणक येण्याआधीची, दुसऱ्या शाखेतून हातानं चढवलेली. लिपिकानं कपाटातून जुनं खातेपत्रक शोधून आणलं. दराची चौकट तिथंही रिकामीच होती आणि दर होता मागच्या बाजूला, लाल शाईत, तिरका लिहिलेला. साडेदहा टक्के. तो भरला, प्रोसिजर पुन्हा चालवली आणि पडदा कोरा असतानाच आम्ही चहाला बाहेर पडलो.