सिंहासाठी रिकामे केलेले रान

लष्करातल्या आमच्या जुन्या वाड्यांतून शिकारीच्या गोष्टी अजून निघतात. त्यांतली एक माझ्या आजोबांची फार आवडती. विसाव्या शतकाच्या आरंभी माधवराव महाराजांनी आफ्रिकेतून सिंह आणवून शिवपुरीकडच्या रानात सोडले. आपल्या मुलखातले सिंह तोवर संपले होते. पाहुणे काही रुळले नाहीत. गुरे मारू लागले, मग माणसांवर उठले, आणि अखेर त्यांचा बंदोबस्त करावा लागला. आजोबा ही गोष्ट हसत सांगत. परवा कुनो पाहून आल्यापासून मला ती हसण्यावारी नेता येत नाही.

कुनो श्योपूर जिल्ह्यात, म्हणजे आपल्या जुन्या संस्थानातच. आशियाई सिंह आज सौराष्ट्राखेरीज जगात कोठेही रानात नाही. सारे दागिने एकाच पेटीत ठेवू नयेत, हे जुन्या घराण्यांना सांगायला नकोच. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाने सुमारे एक हजार सिंह नेले. तिथल्या सिंहांचा तो तिसरा हिस्सा! असे येथे झाले तर? म्हणून सिंहांचे दुसरे घर कुनोत करावयाचे ठरले आणि त्यासाठी २४ गावे उठली. माणसे बहुतेक सहरिया, सलईच्या डिंकावर आणि तेंदूच्या पानांवर गुजराण करणारी.

गावे गेली, सिंह मात्र आले नाहीत. गुजरातने सिंह राखले, वाढवले, २०२५ च्या गणनेत ते ८९१ भरले, याबद्दल त्या राज्याचे कौतुक केलेच पाहिजे. पण एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही सिंह कुनोला द्या म्हणून सांगितले, तरी ते मिळाले नाहीत. सिंह काय एका प्रांताची दौलत आहे? २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, आणि त्यांच्यातल्या काहींत त्याच डिस्टेंपरचे विषाणू सापडले.

आणखी एक गंमत. २०१३ च्या त्याच निकालात न्यायालयाने आफ्रिकेतले चित्ते कुनोत आणण्यास मनाई केली होती. २०२० साली प्रयोग म्हणून परवानगी मिळाली. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाचे ८ चित्ते उतरले, पुढल्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेचे १२. चित्ता देशातून नामशेष झाल्याचे १९५२ सालीच जाहीर झाले होते, तेव्हा त्याच्या येण्याचा आनंद कोणाला नसेल? मलाही झाला.

परतताना रानाबाहेरच्या एका वसाहतीत थांबलो. एक वृद्ध सहरिया बसला होता. मोहाची आपली झाडे कोणत्या नाल्याकाठी होती, हे त्याने हाताने दाखवले. चित्त्यांचे त्याला कौतुक नव्हते, रागही नव्हता. सिंह केव्हा येणार, एवढेच त्याने मला विचारले. गाव त्याच्यासाठी सोडले होते.