आज्ञाधारक एला

सिंड्रेलाची गोष्ट तुम्हांला ठाऊक असेलच. सावत्र आई तिला दिवसभर कामाला जुंपते. मग परी येते, भोपळ्याची बग्गी होते आणि राजवाड्याच्या पायऱ्यांवर काचेचा बूट राहतो. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ साली ही गोष्ट लिहिली.

आता सांगा, सिंड्रेला सारे निमूटपणे का ऐकते? एकदाही ‘नाही’ का म्हणत नाही? गेल कार्सन लेव्हिन या अमेरिकन लेखिकेला हाच प्रश्न पडला. अशी गरीब गाय असलेली नायिका त्यांना आवडेना. म्हणून त्यांनी एक कारण शोधले आणि त्यावर ‘एला एन्चँटेड’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली. ‘एन्चँटेड’ म्हणजे जादूने बांधलेली. कादंबरी १९९७ साली, पेरोच्या गोष्टीनंतर बरोबर तीनशे वर्षांनी, प्रसिद्ध झाली.

एला जन्मली तेव्हा खूप रडत होती. ल्युसिंडा नावाच्या परीने तिला भेट दिली, की ही मुलगी नेहमी आज्ञा पाळील. परीला वाटले, याहून चांगली भेट कोणती? पण एलाच्या पाचव्या वाढदिवशी काय झाले पाहा. स्वयंपाकीण मँडीने तिला केक दिला आणि प्रेमाने म्हटले, ‘खा.’ एला खातच राहिली. पोट भरले, तरी हात थांबेना. तुम्हांआम्हांला रोज कोणीतरी ‘खा, खा’ म्हणते. आपण हसून ‘पुरे’ म्हणतो. एलाला ते म्हणता येत नव्हते. हुकूम टाळू लागली, की तिचे डोके दुखे, चक्कर येई.

हे गुपित कोणाला सांगू नकोस, असे आईने बजावले. तीही आज्ञाच! पुढे आई वारली. वडिलांनी जिच्याशी लग्न केले, तिची मुलगी हॅटी फार धूर्त होती. एला सांगितलेले सारे करते, हे तिने हेरले. तिने आधी एलाच्या गळ्यातला आईचा हार मागून घेतला. नंतर जिवलग मैत्रिणीशी मैत्री तोडायला लावली. हार गेल्याचे दुःख होतेच. पण मैत्रिणीला कारणही सांगता येईना!

तरीही एला रडूबाई नाही. ती थट्टेखोर आहे आणि परक्या भाषा चटकन शिकते. नरभक्षक राक्षस तिला पकडतात, तेव्हा ती त्यांच्याच भाषेत, त्यांच्यासारखे गोड बोलून त्यांना झोपवते. मला हा प्रसंग फार आवडतो.

पुढे राजपुत्र चार तिला लग्नाविषयी विचारतो. तिचेही त्याच्यावर प्रेम आहे. पण उद्या कोणी तिला राजपुत्राला मारण्याचा हुकूम दिला तर? म्हणून ती खोटे पत्र लिहून त्याला दूर करते. शेवटी तो तिच्या घरी येतो. ‘माझ्याशी लग्न कर,’ असे तो म्हणतो, आणि नकळत तोही हुकूमच ठरतो. एलाचे सारे शरीर ‘हो’ म्हणायला धावते. पण होकार दिला, तर चारचा जीव धोक्यात. ती सारे बळ एकवटून ‘नाही’ म्हणते, आणि त्याच क्षणी जादू सुटते.

लग्न होतेच, पण आता ते तिच्या मर्जीने. राजकन्या हा किताब मात्र ती घेत नाही. ती दरबारची भाषातज्ज्ञ होते आणि स्वयंपाकघरात मँडीला मदत करते.