खंडपीठ म्हणजे नेमकं कुठं?

मागच्या बैठकीला आमच्या गटातली एक ताई रडवेली होऊन आली. रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याची तिची याचिका उच्च न्यायालयात आहे. कागदावर लिहिलं होतं, ‘खंडपीठासमोर सुनावणी’. गावातल्या एकानं तिला सांगितलं, “खंडपीठ म्हणजे औरंगाबाद. जाण्यायेण्याचे पाच हजार आधी दे.” ताईनं कर्जाचा अर्जच पुढं केला!

म्हणून आज या एका शब्दाची फोड करूया.

आपण साडेतीन शक्तिपीठं म्हणतो. पीठ म्हणजे आसन, आणि त्यावरून देवीचं ठाणं. न्यायाधीशाच्या आसनालाही पीठच म्हणतात. इंग्रजीत त्याला बेंच म्हणतात, म्हणजे साधं बाकडं. इंग्लंडात न्यायाधीश लांब बाकड्यावर बसत. हळूहळू त्यावर बसणाऱ्यांनाच बेंच म्हणू लागले. गंमत म्हणजे आपली बँकसुद्धा याच शब्दाच्या कुळातली. इटलीत पैशांची अदलाबदल करणारे बाकड्यावर मांडणी करून बसत, त्यावरून बँक.

तिथं पूर्वी राजा जाईल तिकडं त्याचं न्यायालय जायचं. दाद मागणाऱ्यांनी मागं मागं फिरायचं. 1215 च्या मॅग्ना कार्टा या सनदेत राजाकडून कबूल करून घेतलं, की लोकांचे आपसातले दावे एका ठरलेल्या जागी चालतील. न्यायाला पक्की जागा हवी, ही मागणी इतकी जुनी आहे.

आपलं मुंबई उच्च न्यायालय 1862 मध्ये सुरू झालं. लोकांची पायपीट वाचावी म्हणून आज नागपूर, औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर आणि गोवा इथं त्याची खंडपीठं आहेत. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच बसतं. हा झाला खंडपीठाचा एक अर्थ, जागेचा.

दुसरा अर्थ माणसांचा. एकच न्यायाधीश ऐकत असतील तर एकलपीठ. दोघं मिळून ऐकत असतील तर खंडपीठ. तिघं किंवा जास्त बसले तर पूर्णपीठ. मुंबईतही रोज खंडपीठं बसतात.

ताईच्या कागदावरचा अर्थ हा दुसरा होता. आपला ठाणे जिल्हा मुंबईच्याच अखत्यारीत येतो. म्हणजे तिची सुनावणी मुंबईत, दोन न्यायाधीशांपुढं. औरंगाबादचा प्रश्नच नव्हता. अर्ज आम्ही परत घेतला.

तेव्हा मैत्रिणींनो, कागदावर खंडपीठ दिसलं की दोन गोष्टी विचारा: कुठल्या गावी? आणि किती न्यायाधीशांपुढं? विचारायचं कुणाला, तर आपल्या वकिलाला किंवा तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीला. 1987 च्या कायद्यानं बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकिलाची मदत मोफत मिळू शकते. 15100 या नंबरवर फोन करूनही विचारता येतं.

शब्द कळला की पैसे वाचतात. ताईचे पाच हजार वाचले.