टोकियोची एक फेरी

१८ सप्टेंबर २०२५ च्या दुपारी आमच्या घरातले सगळे टीव्हीसमोर जमले होते ते नीरज चोप्रासाठी. टोकियोच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत भालाफेकीची फायनल होती. नीरज आठवा आला. सचिन यादवने ८६.२७ मीटर भाला टाकून चौथा नंबर मिळवला, पदक थोडक्यात हुकलं. चहाचे कप उचलले गेले, माणसं आपापल्या कामाला लागली. मी मात्र टीव्ही बंद करू दिला नाही. दिवेलागणीच्या सुमारास त्याच मैदानावर महिलांच्या चारशे मीटरची फायनल सुटणार होती.

ट्रॅक ओला होता, दिव्यांचा उजेड त्यावर चकाकत होता. बंदूक वाजली आणि पन्नास सेकंदांच्या आत सगळं आटोपलंही. अमेरिकेची सिडनी मॅक्लॉफ्लिन-लेव्हरोन ४७.७८. डॉमिनिकन रिपब्लिकची मारिलेइदी पॉलिनो ४७.९८. बहारीनची सल्वा ईद नासर ४८.१९. घरात कुणाला सांगावं तर ऐकायला कुणी नव्हतं. या आकड्यांचा अर्थ असा, की त्या संध्याकाळपर्यंत जगाच्या इतिहासात फक्त दोन बायका ४८ सेकंदांच्या आत धावल्या होत्या, त्याही १९८३ आणि १९८५ मध्ये. आता एकाच शर्यतीत दोघी धावल्या.

मी कॉलेजात असताना चारशे धावत असे. मुरमाचं ग्राउंड, फक्कीनं मारलेल्या लेन, आणि पाऊस पडून गेला की त्या लेनही अंदाजानंच धरायच्या. त्यामुळे ही शर्यत मला डोळ्यांनी कळायच्या आधी पायांत कळते. पहिले शंभर मीटर आपण उडत असतो. दोनशेला वाटतं, आज काहीतरी होणार. तीनशेला दुसरा बेंड संपतो, समोर सरळ रस्ता दिसतो आणि तिथेच मांड्या शिशाच्या होतात. आम्ही मुली त्याला ‘पाय बांधले’ म्हणायचो. स्नायूंना इतक्या वेगाने लागणारी ऊर्जा प्राणवायूची वाट पाहू शकत नाही. शरीर साखर घाईघाईने जाळतं, त्यातून आम्लता साठत जाते आणि स्नायू आखडायचं-सुटायचं विसरू लागतात. म्हणून शेवटच्या शंभरात कुणीच वेग वाढवत नाही. सगळ्याच मंदावत असतात. जी सर्वांत कमी मंदावते, ती आपल्याला मुसंडी मारल्यासारखी दिसते.

शिवाय ही शर्यत पूर्णपणे आपापल्या लेनमध्ये धावायची असते. बाहेरच्या लेनचा वळसा मोठा, म्हणून तिथल्या धावपटूला पुढे उभं करतात. दुसऱ्या लेनला ७.०४ मीटर, आठव्या लेनला थेट ५३.०३ मीटर. आठव्या लेनमधली मुलगी बराच वेळ कुणालाही पाहू शकत नाही, तिच्या मागे सात जणींच्या पावलांचा आवाज असतो. चारशे एकटीनं धावायची शर्यत आहे ती अशी.

टोकियोचा निकाल पाहून मी जुनी पुस्तकं आणि निकालपत्रं उघडून बसले, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सेंदागाया स्टेशनजवळच्या या एकाच जागेवर महिलांच्या चारशेच्या चार मोठ्या फायनल झाल्या आहेत. १९६४, १९९१, २०२१ आणि आता २०२५. जुनं राष्ट्रीय स्टेडियम १९५८ च्या आशियाई स्पर्धेसाठी उघडलं. मिल्खासिंगांनी दोनशे आणि चारशेचं सुवर्ण जिंकलं ते तिथेच. ते २०१५ मध्ये पाडलं आणि त्याच जागी वास्तुविशारद केंगो कुमा यांनी नवं उभारलं. त्याच्या छज्ज्यांना जपानच्या सत्तेचाळीसही प्रांतांतलं लाकूड लावलेलं आहे. या चार शर्यतींकडे पाहताना कोण धावलं याइतकंच, कोण धावू शकलं नाही याकडेही पाहावं लागतं.

१९६४ पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांना चारशे मीटर नव्हतेच. १९२८ साली ॲम्स्टरडॅमला बायकांची आठशे मीटरची शर्यत झाली आणि वर्तमानपत्रांनी ‘बायका कोसळल्या’ अशा अतिरंजित बातम्या छापल्या. त्यानंतर ३२ वर्षं बायकांसाठी दोनशेच्या पलीकडे काही ठेवलंच नाही. १९६० ला आठशे परत आली आणि १९६४ ला चारशे पहिल्यांदा आली.

ती पहिली फायनल १७ ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाच्या बेटी कथबर्टने ५२.० सेकंदांत जिंकली. अठराव्या वर्षी मेलबर्नला तिनं शंभर, दोनशे आणि रिले अशी तीन सुवर्णं घेतली होती. मग रोमला मांडीचा स्नायू दुखावला, तिनं धावणं सोडलं आणि पुन्हा परतली ती नव्या अंतरासाठी. ऑलिंपिकमध्ये शंभर, दोनशे आणि चारशे अशी तिन्ही सुवर्णं एकाच व्यक्तीला मिळाल्याचं उदाहरण आजही फक्त तिचंच आहे, पुरुषांतही नाही. इंग्लंडची अ‍ॅन पॅकर ५२.२ सेकंदांत दुसरी आली आणि तीन दिवसांनी आठशेत विश्वविक्रमासह सुवर्ण घेऊन गेली.

पण त्या दिवशी जगातली सर्वांत वेगवान चारशेवाली मैदानात नव्हती. तिचं नाव शिन गुम-दान, उत्तर कोरियाची. १९६२ मध्ये प्याँगयांगला तिनं ५१.९ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता, आणि त्याहून वेगवान वेळाही दिल्या होत्या, ज्यांना आंतरराष्ट्रीय संघटनेनं मान्यता दिली नाही. तिचा गुन्हा एवढाच, की १९६३ मध्ये ती जकार्तातल्या ‘गानेफो’ या स्पर्धेत धावली.

या गानेफोशी आपलाही संबंध आहे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना व्हिसा नाकारला. आशियाई स्पर्धांच्या संस्थापकांपैकी एक, आपले गुरुदत्त सोंधी यांनी ठाम भूमिका घेतली, की मग या स्पर्धेला आशियाई म्हणता येणार नाही. जकार्तात संतप्त जमावाने भारतीय दूतावासावर हल्ला केला. पुढे ऑलिंपिक समितीने इंडोनेशियाला निलंबित केलं. उत्तर म्हणून तिथले राष्ट्राध्यक्ष सुकार्णो यांनी वेगळ्या स्पर्धा भरवल्या, त्याच गानेफो. तिथे धावलेल्या खेळाडूंना टोकियोची दारं बंद झाली. उत्तर कोरियाचा संघ टोकियोपर्यंत पोचला आणि निषेध म्हणून परत फिरला.

परत जाण्यापूर्वी जे घडलं ते मला विसरता येत नाही. कोरियन युद्धात शिनचे वडील दक्षिणेत गेले आणि लहानगी शिन उत्तरेत राहिली. इतक्या वर्षांनी वर्तमानपत्रांतल्या विश्वविक्रमाच्या बातम्यांमुळे आपली मुलगी कोण झाली आहे ते त्यांना कळलं. ते सोलहून टोकियोला आले. स्पर्धेच्या उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी बापलेकीची भेट झाली. किती वेळ? काही मिनिटं. मग तिला संघाबरोबर निघावं लागलं. आठ दिवसांनी त्याच शहरात तिच्या अंतराची पहिली ऑलिंपिक फायनल झाली, आणि विजेतीची वेळ तिच्या विक्रमापेक्षा जास्त होती. कथबर्टचं कर्तृत्व याने तसूभरही कमी होत नाही. ती शर्यत आयुष्यातली एकमेव निर्दोष शर्यत असं ती स्वतः मानत असे, आणि तिला तसं मानायचा पूर्ण हक्क होता. मात्र त्या लेनपैकी एक लेन शिनची होती, असं मला वाटतं ते वाटतंच.

त्याच १९६४ च्या चारशेत प्राथमिक फेरीत आपली एक मुलगी धावली होती. स्टेफी डिसोझा. १९५४ ला मनिलात आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या चार बाय शंभर रिले संघातली, १९५८ ला याच टोकियोच्या मैदानावर पदक मिळवलेली, हॉकीही देशासाठी खेळलेली आणि १९६३ चा अर्जुन पुरस्कार मिळवलेली. तिला पुढच्या फेरीत जाता आलं नाही. पण बायकांची चारशे ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा धावली गेली त्या दिवसांत एक भारतीय मुलगी त्या ट्रॅकवर होती, हे आपल्या शाळेतल्या मुलींना कुणी सांगत नाही. आज आपला राष्ट्रीय विक्रम हिमा दासचा आहे, ५०.७९ सेकंद, २०१८ चा, तोही जकार्तातलाच.

१९९१ ची टोकियो जागतिक स्पर्धा लोकांना आठवते ती कार्ल लुईसच्या शंभर मीटरमधल्या ९.८६ साठी आणि माइक पॉवेलच्या ८.९५ मीटर उडीसाठी. महिलांची चारशे ग्वाडलूप बेटावर जन्मलेल्या, फ्रान्सकडून धावणाऱ्या मारी-जोझे पेरेकने ४९.१३ मध्ये जिंकली. तिचं पहिलं मोठं विजेतेपद. दुसरी आलेली जर्मनीची ग्रिट ब्रॉयर १९ वर्षांची होती आणि पुढच्याच वर्षी उत्तेजक चाचणीत अडकली.

पेरेकची ती वेळ विश्वविक्रमापासून दीड सेकंदाने लांब होती. चारशेत दीड सेकंद म्हणजे दहा-बारा मीटर. तो विक्रम पूर्व जर्मनीच्या मारिटा कॉखचा, ४७.६०, कॅनबेराला ६ ऑक्टोबर १९८५ रोजी झालेला. त्याआधी १९८३ ला हेलसिंकीच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाची यार्मिला क्राटोखविलोव्हा ४७.९९ धावली होती आणि त्याच स्पर्धेत आठशेही जिंकली होती. पूर्व जर्मनीत खेळाडूंना सरकारी योजनेखाली उत्तेजकं दिली जात होती, हे बर्लिनची भिंत पडल्यावर कागदपत्रांनिशी सिद्ध झालं. कॉख कधीही चाचणीत दोषी ठरली नाही आणि तिने आरोप नाकारले आहेत, क्राटोखविलोव्हानेही नाकारले आहेत. म्हणून नियमानुसार विक्रम कॉखचाच आहे. मला इथे या दोघींबद्दल निकाल द्यायचा नाही. मला त्यांच्या मागून आलेल्या मुलींचं वाटतं. पेरेकपासून कॅथी फ्रीमनपर्यंत एकेक पिढी आयुष्यभर घाम गाळून ऑलिंपिक जिंकत गेली आणि प्रत्येकीच्या निकालाशेजारी ४७.६० हा आकडा छापून आला. धावत नसलेली नववी धावपटू जणू प्रत्येक फायनलमध्ये सर्वांच्या पुढे होती.

२०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये प्रेक्षकच नव्हते. कुमांनी खुर्च्या पाच मातकट रंगांत विखरून बसवल्या आहेत, त्यामुळे रिकामं स्टेडियमही कॅमेऱ्यात भरल्यासारखं दिसतं. ६ ऑगस्टला, म्हणजे नीरजच्या सुवर्णाच्या आदल्या दिवशी, बहामाची शॉने मिलर-उइबो ४८.३६ मध्ये जिंकली. पॉलिनो ४९.२० सेकंदांत दुसरी आली. तिसरी अ‍ॅलिसन फेलिक्स, वय ३५, ४९.४६. हे तिचं दहावं ऑलिंपिक पदक. २०१८ मध्ये ३२ व्या आठवड्यात तातडीच्या शस्त्रक्रियेनं तिची मुलगी जन्मली होती. त्यानंतर तीन वर्षांनी एक आई ही शर्यत पन्नासच्या आत धावते, आणि ते पाहायला स्टेडियममध्ये टाळ्या वाजवणारी माणसं नाहीत, याची मला अजून हळहळ वाटते. सल्वा नासरही त्या दिवशी नव्हती. २०१९ ला दोहात ४८.१४ धावून ती जगज्जेती झाली होती, पण चाचणीसाठी ठरल्या ठिकाणी न सापडल्याबद्दल तिच्यावर दोन वर्षांची बंदी होती.

मग पॅरिस, २०२४. उद्‌घाटनाला ऑलिंपिक ज्योत प्रज्वलित करणाऱ्या दोघांपैकी एक पेरेक. बरोबर दोन आठवड्यांनी पॉलिनोने ४८.१७ धावून पेरेकचा १९९६ पासूनचा ४८.२५ चा ऑलिंपिक विक्रम मोडला. निझाओ या गावातल्या गरीब घरातली ही मुलगी, देशाच्या हवाई दलात नोकरीला. ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी तिच्या देशाची पहिली स्त्री.

आणि सिडनी मॅक्लॉफ्लिन-लेव्हरोन. चारशे मीटर अडथळ्यांत तिचा ५०.३७ चा विश्वविक्रम आहे. दहा अडथळे ओलांडून ती ज्या वेळेत पोचते, त्या वेळेत अडथळ्यांशिवाय पोचणाऱ्या मुली कित्येक देशांत राष्ट्रीय विजेत्या ठरतात. २०२५ मध्ये तिनं अडथळे बाजूला ठेवले. सेमीफायनललाच ४८.२९ धावून तिनं १९ वर्षांचा अमेरिकी विक्रम मोडला, तेव्हाच समजलं होतं की काहीतरी शिजतंय.

२०२५ ची फायनल मला वेगळी वाटते ती यामुळे. पॅरिसची विजेती तिथे होती, दोहाची विजेती शिक्षा भोगून परत आलेली होती, अडथळ्यांची सम्राज्ञी होती. प्रेक्षक होते. ज्यांनी असायला हवं त्या आपापल्या लेनमध्ये उभ्या होत्या. कथबर्ट तिच्या १९६४ च्या वेगाने त्यात धावली असती, तर सिडनी रेषा ओलांडताना ती तीस-बत्तीस मीटर मागे असती. साठ वर्षांत एवढं अंतर कापलं गेलं आहे. कॉखच्या आकड्यापासून सिडनी १८ शतांश सेकंद दूर राहिली, म्हणजे सुमारे दीड मीटर. पेरेकच्या वेळी जे दहा-बारा मीटर होतं, ते आता एका पावलावर आलंय. पुढच्याच महिन्यात कॉखच्या विक्रमाला चाळीस वर्षं पूर्ण झाली.

त्या रात्री मी निकालपत्र पुन्हा पाहिलं. पॉलिनोच्या नावापुढे ४७.९८. हेलसिंकीला क्राटोखविलोव्हाने ज्या वेळेवर सुवर्ण जिंकलं, त्यापेक्षा शतांश सेकंदाने कमी. आजवरच्या प्रत्येक ऑलिंपिकची आणि याआधीच्या प्रत्येक जागतिक स्पर्धेची फायनल या वेळेनं जिंकता आली असती. तिच्या नावाआधी दोनचा आकडा होता.